स्नानाचे खनिज क्षार : उपयोग आणि सावधगिरी

औषधाच्या दुकानात ‘बाथ सॉल्ट’ म्हणून मिळणारे पांढरे स्फटिक गरम पाण्यात घालून त्यात पाय बुडवून बसावे काय, अशी पृच्छा आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार होते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उष्ण कुंडांत स्नान करून आलेल्यांना खनिजयुक्त पाण्याचे महत्त्व सांगावयास नकोच. तथापि घरच्या बादलीत हा प्रयोग करण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

या क्षारांपैकी सुपरिचित असलेला एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडवट झऱ्यावरून त्यास हे नाव पडले. नेहेमाया ग्रू यांनी १६९५ साली या क्षारावर पुस्तिका लिहिली. नावात मीठ असले तरी हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे.

निरोगी व्यक्तीने तो कोमट पाण्यात विरघळवून पंधरा-वीस मिनिटे पाय बुडविल्यास सहसा अपाय होत नाही. क्षार त्वचेतून शिरून वेदना शमवितो, या समजुतीस मात्र भक्कम पुरावा नाही. आराम पडतो तो बहुधा पाण्याच्या उबेने आणि स्वस्थ बसण्याने. हे सांगितल्यावर काहींचा हिरमोड होतो!

खरी चिंता मधुमेही रुग्णांची आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि पाणी किती कढत आहे हे पायांस उमगत नाही. रुग्ण समाधानाने बसून राहतो. फोड आलेले नंतर कोणाच्या तरी दृष्टीस पडतात. रक्तपुरवठा अपुरा असल्याने जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि प्रसंगी बोट वा पाऊल गमवावे लागते. यात दोष क्षाराचा नसून उष्णतेचा आहे. शिवाय पाणी कोमट असले तरी फार वेळ भिजल्याने त्वचा मऊ पडते व तिला भेगा जातात. म्हणून मधुमेहींनी पाय भिजवत बसूच नये. रोज कोमट पाण्याने पाय धुवावेत, पाणी घरातील दुसऱ्या व्यक्तीने हाताने पाहावे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. उघडी जखम असल्यास हा प्रयोग कोणीही करू नये.

हाच क्षार रेचक म्हणून पोटात घेण्याची प्रथा जुनी आहे. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास मॅग्नेशियम रक्तात साचते, स्नायू शिथिल होतात, रक्तदाब उतरतो व श्वास मंदावतो. प्रसूती विभागात गर्भिणीस येणारे झटके थांबविण्यासाठी याचेच इंजेक्शन देतात. तेव्हा परिचारिका गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन व लघवीचे प्रमाण पुनःपुन्हा तपासतात आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. असे द्रव्य घरी चमच्याच्या अंदाजाने घेणे उचित नव्हे.

बागायतदारांकडे खत म्हणून आणलेले मॅग्नेशियम सल्फेट शरीरासाठी वापरू नये. चिठ्ठी नसलेल्या बरणीतील स्फटिक तर मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एप्सम सॉल्ट समजून ऑक्झॅलिक आम्ल प्यायल्याने माणसे दगावली होती.

पाय भाजल्यास त्यावर वीस मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद वा बर्फ लावू नये. मधुमेही रुग्णाने फोड लहान दिसला तरी त्याच दिवशी दाखवावा. क्षार पोटात गेला असल्यास रुग्णालयात येताना त्याचे पाकीट सोबत आणावे.