रस्ता, रहदारी आणि बाजारपावती : पथविक्रेता कायद्याचे आकलन

नगरपालिकेकडे येणाऱ्या तक्रारींत रस्त्यासंबंधीच्या तक्रारी फार जुन्या आहेत. पादचाऱ्यास पदपथ मिळत नाही, दुकानदारास दारासमोरील हातगाडी नको असते, रुग्णवाहिका बाजारात अडकते. फेरीवाल्याची तक्रार वेगळीच असते. रोज पावती फाडूनही माल उचलून नेला जातो, मग पैसे कशाचे घेतले, असा त्याचा प्रश्न असतो. या तक्रारी परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. रस्त्याचा वापर कोणी, कोठे व किती करावा हे ठरविण्याची रीत बहुतेक शहरांत स्पष्ट नव्हती. ही रीत घालून देणारा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 1 मे 2014 पासून अमलात आला. त्याचे स्वरूप समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुस्लिम समाजाशी संबंध

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार मुस्लिम पुरुष कामगारांपैकी 12 टक्क्यांहून अधिक पथविक्रीच्या व्यवसायात होते. राष्ट्रीय सरासरी 8 टक्क्यांहून कमी होती. चारमिनारचा परिसर, इंदूरचा राजवाडा, बडोद्याचा मंगळबाजार, बेळगावचा खडेबाजार किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यांपैकी कोठेही गेले तरी रस्त्याच्या कडेला बसून संसार चालविणारी माणसे दिसतात. सामुदायिक महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक मुलामुलींची फी याच कमाईतून भरली जाते. त्यामुळे हा विषय नागरिकशास्त्राच्या तासापुरता मर्यादित राहत नाही.

पावती आणि प्रमाणपत्र

बाजारात बसणाऱ्याकडून पैसे घेण्याची प्रथा जुनी आहे. दिल्लीकडे तिला ‘तहबाजारी’ म्हणतात, गोव्यात ‘सोपो’, तर मराठी मुलखात ‘बाजारपावती’. ही वसुली कित्येकदा ठेकेदारामार्फत होते. पावती मिळाली म्हणजे जागेचा हक्क मिळाला, असा विक्रेत्यांचा समज असतो. वस्तुतः पावती ही केवळ पैसे भरल्याची नोंद असते.

1989 साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पथविक्री हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि विशिष्ट जागेवर कायम बसण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असेही स्पष्ट केले. 2014 च्या कायद्याने या तत्त्वास कार्यपद्धती दिली. या कायद्याने पावतीऐवजी ‘विक्री प्रमाणपत्र’ हा हक्काचा आधार केला. प्रमाणपत्रधारकाने योजनेत ठरविलेले विक्री शुल्क भरावयाचे असते. विक्रीच्या जागेत नागरी सुविधा पुरविल्यास त्यांचा देखभाल आकारही द्यावा लागतो. प्रमाणपत्रातील अटींनुसार धंदा करणाऱ्यास कोणीही, पोलीसही, अडवू शकत नाही.

सर्वेक्षण : पहिली पायरी

प्रमाणपत्रासाठी आधी सर्वेक्षण व्हावे लागते. दर पाच वर्षांनी किमान एकदा विद्यमान पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे बंधनकारक आहे. प्रभाग, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या 2.5 टक्के या प्रमाणाच्या अधीन राहून सर्वेक्षणात आढळलेल्या सर्वांना सामावून घ्यावयाचे आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्यास हटविता येत नाही. पुढे स्थलांतर करावयाचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

माल जप्त झाल्यास त्याची सही केलेली यादी विक्रेत्यास मिळाली पाहिजे. विक्रेत्याने ठरलेली रक्कम भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत करावयाचा असतो. फळे वा भाजी विकणाऱ्यासाठी ही एक तरतूद दिवसभराच्या भांडवलाइतकी मोलाची आहे.

रहदारीचा प्रश्न

रस्ता पालिकेचा आणि रहदारी पोलिसांची, अशी कामाची विभागणी असल्याने रहिवाशाची तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते. यावर उपाय म्हणून कायद्याने नगर पथविक्रेता समिती योजिली आहे. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. स्थानिक संस्था, वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण, व्यापारी संघ, रहिवासी संघ, बँका इत्यादींचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असून त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अल्पसंख्याकांसह दुर्बल घटकांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, अशी तरतूद आहे.

विक्री कोठे चालेल, कोठे ठरावीक वेळीच चालेल व कोठे चालणार नाही, हे या समितीशी विचारविनिमय करून तयार केलेल्या आराखड्यात ठरते. केवळ गर्दी आहे एवढ्या कारणावरून एखादी जागा ‘ना-विक्री क्षेत्र’ ठरविता येत नाही. मात्र तेथे सर्वेक्षणाबाहेरील नव्या व्यक्तींना प्रमाणपत्र देण्यावर निर्बंध घालता येतो. पूर्वापार चालत आलेला नैसर्गिक बाजारही ना-विक्री क्षेत्र करता येत नाही. म्हणजे पादचाऱ्याची सोय आणि विक्रेत्याची रोजी यांचा मेळ एकाच टेबलावर बसून घालावा, असे कायद्याला अभिप्रेत आहे.

रस्त्याची शिस्त ही कल्पना मुस्लिम परंपरेसही नवी नाही. मध्ययुगीन शहरांतील मुहतसिब वजनमापे तपासीत असे, तसेच बाजारातील वाट मोकळी राहील याकडेही लक्ष देत असे. व्यापाराला मोकळीक आणि वाटसरूला वाट, या दोन्ही गोष्टी त्याच्या कर्तव्यात येत.

उणिवा आणि शिक्षकांचे कार्य

कायदा होऊन दशक उलटले, तरी अनेक शहरांत सर्वेक्षण अपुरे राहिले, समित्या उशिरा स्थापन झाल्या किंवा विक्रेत्यांच्या निवडणुकाच लांबल्या. त्याची किंमत 2020 साली दिसून आली. टाळेबंदीनंतर पंतप्रधान स्वनिधी योजनेत 10,000 रुपयांपर्यंत खेळते भांडवल मिळू लागले, तेव्हा प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र मागितले गेले. ज्यांचे नाव सर्वेक्षणात नव्हते त्यांना पालिकेचे शिफारसपत्र मिळविण्यासाठी धावपळ करावी लागली.

भाषेची अडचण याहून निराळी आहे. कर्नाटकात कारभाराची भाषा कन्नड, गुजरातेत गुजराती. घरी मराठी किंवा दखनी बोलणाऱ्या विक्रेत्याला नोटीस वाचून दाखविणारा कोणी तरी हवा असतो. येथे महाविद्यालयाला पुष्कळ करता येईल. विद्यार्थ्यांनी जवळच्या बाजारात जाऊन कोणाकडे प्रमाणपत्र आहे, कोणाकडे फक्त पावती आहे आणि कोणाकडे काहीच नाही, याची नोंद करावी. सर्वेक्षणाची तारीख, समितीतील निर्वाचित सदस्य आणि शुल्काचा दर ही माहिती माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली पालिकेकडे मागता येते. तक्रार असल्यास माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीकडे अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. तिच्यावर सरकारी वा पालिकेचा कर्मचारी सदस्य नेमता येत नाही. असा अर्ज लिहिण्याचा सराव वर्गात करून घेता येईल.

रोजची पावती खिशात जपून ठेवणारा माणूस कायदा मोडू पाहत नाही. कायद्यात आपली जागा शोधत असतो. ती जागा सर्वेक्षणाच्या यादीत आहे. पुढच्या यादीत त्याचे नाव लागावे, एवढे काम एका वर्गाच्याही आवाक्यातले आहे.