फिरत्या चाकाला जनित्र जोडताना



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा बाहेर काळोख होता. संकट उजेड पाहून येत नाही. म्हणून तारेवर अवलंबून नसलेला एक तरी दिवा वस्तीवर असावा, असे आपल्या भागात कुणालाही वाटेल. जुने डिझेल इंजिन गोठ्यात पडून असेल, तर त्याच्या चाकाला जनित्र जोडून वीज काढता येते. मात्र आधी हिशेब करावा लागतो.

सायकलचा डायनामो आठवा. टायरला टेकणारे त्याचे मुंडके लहान असते. चाकाचा एक फेरा झाला की ते तीसेक फेरे घेते. जनित्राला असा वेग लागतो. घरगुती विजेसाठी वापरले जाणारे चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे फिरले, तरच ५० सायकलची वीज देते.

बैलजोडी वर्तुळात चालली, तर मिनिटाला दोनेक फेरे होतात. त्यांचे १५०० करायला दातेरी चाकांची रांग लागते आणि प्रत्येक चाक थोडी शक्ती खाते. जोडीची ताकद मुळात साधारण एक अश्वशक्ती. धडधाकट माणूस पायडल मारून ७५ वॅट देतो. घट वजा जाता त्यावर नऊ वॅटचे चार-पाच एलईडी दिवे लागतील, पंप चालणार नाही. फुकट वीज देणारे चाक कुणी विकायला आणले, तर एवढेच म्हणा, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता पुलीचा हिशेब. इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, बरोबर जनित्राचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास. इंजिन ६५० फेऱ्यांचे आणि जनित्राची पुली ५ इंची असेल, तर इंजिनावर साडेअकरा इंची पुली हवी. पट्टा थोडा घसरतो, म्हणून १२ इंची घ्यावी आणि मीटर पाहून इंजिनाचा वेग जुळवावा. इंजिन १५०० फेऱ्यांचेच असेल, तर दोन्ही पुल्या सारख्या ठेवाव्यात.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून पाहा. दोरी दोन्ही पुल्यांच्या कडांना चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पट्टा अंगठ्याने दाबल्यास अर्धा इंच दबावा. फार ताणल्यास बेअरिंग जाते, सैल राहिल्यास पट्टा जळतो. जनित्र भक्कम पायावर बसवा आणि त्याला अर्थिंग द्या.

पट्ट्यावर जाळीचे झाकण हवेच. साडीचा पदर, धोतराचा सोगा किंवा मुलीची वेणी ओढली जायला क्षणही लागत नाही. इंजिन बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. जनित्राची वीज घरच्या वायरिंगला थेट जोडली, तर ती उलट रोहित्रात जाऊन ११,००० व्होल्टची होऊ शकते. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात प्राणाला मुकतो. तोही कुणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. म्हणून परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यामुळे घराला एका वेळी एकच वीज मिळते, तारेची किंवा जनित्राची.

पट्टा आणि पुली पुढच्या महिन्यात आणल्या तरी चालेल. स्विच मात्र आधी आणा.