महिलांच्या बॉक्सिंगमध्ये कुणी उतरावं? : ओळख, न्याय आणि ठोसा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "सर, ट्रान्सजेंडर स्त्रीला स्त्री म्हणून मान द्यायला हवा, हे पटलं. पण माझी मुलगी बॉक्सिंग खेळते. तिच्यासमोर अशी प्रतिस्पर्धी आली तर? मला दोन्ही वाटतं." हे 'दोन्ही वाटतं' मला फार प्रामाणिक वाटलं. आज त्याच्यावरच बोलू या.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. हा विषय निघाला की लोक लगेच पॅरिस ऑलिंपिकमधल्या इमान खलिफचं नाव घेतात. पण खलिफ ट्रान्सजेंडर नाही. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली. तिच्या पात्रतेचा वाद वेगळा आहे. दोन्ही एकत्र कालवले की विचार संपतो आणि शिवीगाळ सुरू होते.

आपल्या विषयाचं खरं उदाहरण अमेरिकेतल्या फॅलन फॉक्सचं. ती एमएमए खेळायची. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं असा प्रकार. ती ट्रान्सजेंडर आहे हे मार्च 2013 मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर 2014 मध्ये टमिका ब्रेंट्सशी तिची लढत पहिल्याच फेरीत थांबवावी लागली. ब्रेंट्सच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. एक बाजू हे उदाहरण देते. दुसरी बाजू सांगते, की ऑक्टोबर 2013 मध्ये अॅशली एव्हन्स-स्मिथने याच फॉक्सला हरवलं होतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींनी काहीच सिद्ध होत नाही. एका लढतीवरून नियम ठरत नसतो.

मग नियम कशावरून ठरतो? त्यासाठी विचारायला हवं, की खेळात गट पाडतात कशाला?

विनेश फोगाट आठवते ना? पॅरिसला 50 किलो गटाच्या अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. आपण सगळे हळहळलो. पण 'तू कुस्तीगीरच नाहीस' असं तिला कुणी म्हटलं नाही. वजनकाटा तुम्ही कोण आहात हे सांगत नाही. या गटाच्या अटीत बसता की नाही, एवढंच सांगतो.

महिला गटाकडेही असंच बघावं, असं माझं म्हणणं आहे. तो काही स्त्रीत्वाचं प्रमाणपत्र वाटणारा विभाग नाही. मुलगा वयात येताना शरीराला जे मिळतं, म्हणजे हाडांची लांबी-जाडी, खांद्यांची रुंदी, स्नायूंचं बळ, त्याचा फायदा बाजूला ठेवून स्पर्धा व्हावी, म्हणून तो गट आहे. यावर एक चांगला आक्षेप घेतला जातो. लांब हात हीसुद्धा निसर्गाचीच देणगी. ती चालते, मग ही का नाही? उत्तर असं, की गटाच्या आतले फरक हाच तर खेळ आहे. पण जो फरक वगळण्यासाठी गट निर्माण केला, तोच आत आला तर गटाला अर्थ उरत नाही.

आता पुरावा बघू. 2015 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवलं होतं, की टेस्टोस्टेरॉन वर्षभर लिटरमागे 10 नॅनोमोलच्या खाली ठेवलं तर महिला गटात खेळता येईल. संप्रेरक उतरलं की फायदाही उतरतो, हे त्यामागचं गृहीत. काही अंशी ते खरं आहे. हिमोग्लोबिन काही महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येतं. पण एमा हिल्टन आणि टॉमी लुंडबर्ग यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा वर्षभराच्या उपचारांनंतर स्नायूंची घट साधारण 5 टक्केच दिसली. हाडांची लांबी तर कमी होतच नाही. युटा विद्यापीठातल्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ठोशासारख्या हालचालीत पुरुषांची सरासरी शक्ती स्त्रियांपेक्षा 162 टक्क्यांनी जास्त निघाली. हा प्रयोग ट्रान्सजेंडर स्त्रियांवर केलेला नव्हता, आणि स्नायू व शक्ती एकाच मापाने मोजता येत नाहीत. पण मूळ अंतर केवढं आणि घट केवढी, याचा अंदाज येतो.

धावण्याच्या शर्यतीत अन्याय झाला तर पदक जातं. इथं डोकं फुटू शकतं. बॉक्सर मार खायला संमती देते, हे खरं. पण ती संमती विशिष्ट गटातल्या माराला असते. गट बदलला की संमतीचा अर्थही बदलतो.

म्हणून माझं मत असं, की पुरुष म्हणून वयात येऊन गेलेल्या खेळाडूला महिलांच्या लढतींमध्ये न घेण्याचा नियम योग्य ठरतो. पण इथं थांबलो तर मी अर्धंच बोललो.

मेरी कोम आठवा. 2012 साली लंडनला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. सगळ्यात खालचा गट 51 किलोचा होता. ती त्याहून हलक्या गटातली, पण वरच्या गटात गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. तिला वर जाता आलं. ट्रान्सजेंडर स्त्रीला 'वरचा गट' म्हणजे पुरुषांचा गट. तिथं जा म्हणणं म्हणजे, जे आयुष्य तिने मोठी किंमत देऊन मागे टाकलं, त्यात परत जा म्हणणं. वजनकाट्याची उपमा इथं अपुरी पडते, हे मला मान्य केलं पाहिजे.

जॉन रॉल्स सांगतो, की नियम करताना अज्ञानाच्या पडद्याआड बसा. आपण कोण असू, हे ठाऊक नाही असं समजा. तुम्ही ब्रेंट्स असाल, फॉक्सही असाल. मला वाटतं, त्या पडद्याआड बसलेला माणूस महिला गटाची रेषा ठेवेल, पण आणखी तीन गोष्टी मागेल. खुला गट असावा, आणि तिथं तिला तिच्या नावाने, स्त्री म्हणूनच पुकारावं. सराव, प्रशिक्षण, पंचगिरी यांचे दरवाजे बंद नसावेत. आणि तपासणी गुप्त व सन्मानाची असावी.

हे तिसरं विशेष महत्त्वाचं. वर्ल्ड बॉक्सिंग या संघटनेने 2025 मध्ये महिला गटासाठी जनुक-चाचणी सक्तीची केली. पण अशा चाचण्यांचा इतिहास चांगला नाही. स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो जन्मापासून स्त्री म्हणूनच वाढली. 1985 साली गुणसूत्रांच्या चाचणीत ती अपात्र ठरली. ते वर्तमानपत्रांत छापून आलं. तीन वर्षं भांडल्यावर तिला परत घेतलं, तोवर तिचा उमेदीचा काळ गेला होता. रेषा आखणाऱ्याच्या हातून अशी माणसं चिरडली जातात.

तेव्हा बाई, तुमच्या चिठ्ठीला माझं उत्तर असं. तुम्हाला दोन्ही वाटतं, ते दोन्ही वाटू द्या. मुलीच्या सुरक्षिततेचा आग्रह धरणं म्हणजे द्वेष नव्हे. पण जिला आपण रिंगणाबाहेर ठेवतो, तिने आपल्या न्यायाची किंमत मोजली आहे, हे विसरणं मात्र अन्याय ठरेल.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.