विश्लेषण : कॉलेजमधून थेट व्यावसायिक फुटबॉलमध्ये… अमेरिकेतील ‘ड्राफ्ट’ पद्धत काय आहे? तिचे महत्त्व का घटते आहे?

अमेरिकेत ज्याला ‘सॉकर’ म्हणतात तो आपला फुटबॉल. तेथील विद्यापीठ स्पर्धांचा हंगाम डिसेंबरमध्ये संपतो आणि काही दिवसांतच मेजर लीग सॉकर अर्थात ‘एमएलएस’मधील क्लब या विद्यार्थी खेळाडूंची निवड करायला बसतात. यालाच ‘सुपरड्राफ्ट’ म्हणतात. खेळाडूने कोणत्या शहरात, कोणत्या क्लबकडून खेळायचे, हे येथे खेळाडू ठरवत नाही, क्लब ठरवतो. महिलांच्या लीगने मात्र २०२४ मध्ये ही पद्धतच मोडीत काढली. त्यामुळे ड्राफ्टचा फायदा नेमका कोणाला, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

ड्राफ्ट म्हणजे काय? तो लिलावापेक्षा वेगळा कसा?

लिलावात ज्याची बोली मोठी, त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. क्लब ठरलेल्या क्रमाने, एकेक करून खेळाडू निवडतात. भारतीय क्रिकेटप्रेमींना याचे एक उदाहरण आठवत असेल. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील खेळाडूंसाठी लिलाव नव्हे, तर ड्राफ्ट झाला होता. दिल्लीने त्यात प्रदीप सांगवानला पसंती दिली आणि दिल्लीकर विराट कोहली बंगळूरुच्या वाट्याला आला. इंडियन सुपर लीगमध्येही २०१७ मध्ये मुंबईत भारतीय फुटबॉलपटूंचा ड्राफ्ट झाला होता. त्यात जमशेदपूरने बचावपटू अनस एडाथोडिकाला सर्वात आधी निवडले.

क्रम कसा ठरतो?

आधीच्या हंगामात जो संघ तळाला, त्याला आधी संधी आणि विजेत्याला सर्वात शेवटी, हे मूळ सूत्र. लीगमध्ये नवा क्लब दाखल होणार असेल, तर पहिला मान त्याचा. म्हणूनच २०२५ च्या ड्राफ्टमध्ये नवख्या सॅन डिएगो एफसीने पहिली निवड केली. घानाचा मनू डुआ हा कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील विद्यापीठाचा खेळाडू त्यांनी घेतला. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत आणि स्पर्धेत चुरस राहावी, हा यामागचा हेतू. निवडीचा हक्क क्लब आपापसांत विकू किंवा बदलूही शकतात. सध्या ड्राफ्टच्या तीन फेऱ्या होतात. मात्र, शेवटच्या फेरीत अनेक क्लब कोणालाही न निवडता ‘पास’ म्हणून मोकळे होतात.

निवड झाली म्हणजे करार झाला?

नाही. गैरसमज होतो तो इथेच. ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे एमएलएसमध्ये त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या क्लबला मिळाला, इतकेच. त्यानंतर खेळाडू हंगामपूर्व सराव शिबिरात जातो. तिथे तो प्रशिक्षकांच्या पसंतीस उतरला तरच करार होतो. २०२५ च्या हंगामात तरुण, राखीव खेळाडूंसाठी किमान वार्षिक वेतन ८०,६२२ डॉलर (सुमारे ७० लाख रुपये), तर वरिष्ठ खेळाडूंसाठी १,०४,००० डॉलर (सुमारे ९० लाख रुपये) होते. अनेकांना मात्र क्लबच्या दुय्यम संघाकडून, म्हणजे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘एमएलएस नेक्स्ट प्रो’मध्ये खेळावे लागते. काहींना खालच्या स्तरावरील लीग गाठावी लागते, तर काही जण थेट नोकरीचा मार्ग धरतात.

अगदी गुणवान विद्यार्थ्यांसाठी ‘जनरेशन आदिदास’ ही वेगळी वाट आहे. यात लीग ड्राफ्टपूर्वीच खेळाडूशी करार करते आणि त्याच्या पुढील शिक्षणासाठी पैशांची तरतूद ठेवते. त्याचे वेतन क्लबच्या वेतनमर्यादेत मोजले जात नसल्याने क्लबही अशा खेळाडूंना आधी उचलतात.

ड्राफ्टने कोणते खेळाडू दिले?

फर्मन विद्यापीठाचा क्लिंट डेम्प्सी २००४ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे तो इंग्लंडमध्ये फुलहॅम आणि टॉटनहॅमकडून खेळला आणि अमेरिकेच्या पुरुष संघासाठी ५७ गोल करत लँडन डोनोव्हनच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या कॅनडाच्या सायल लॅरिनने पदार्पणाच्याच हंगामात १७ गोल झळकावले. टॅजॉन ब्युकॅनन २०१९ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२४ मध्ये इंटर मिलानमध्ये पोहोचला.

मात्र, ड्राफ्टचे अंदाज चुकतातही. ख्रिस वोंडोलोव्स्कीला २००५ च्या पूरक ड्राफ्टमध्ये ४१व्या क्रमांकापर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वोंडोलोव्स्कीच्या नावावर आज एमएलएसमधील सर्वाधिक १७१ गोल आहेत. गोलरक्षक मॅट टर्नरला २०१६ मध्ये कोणीच निवडले नाही. न्यू इंग्लंडने चाचणीनंतर त्याला संघात घेतले. सहा वर्षांनी तो आर्सेनलमध्ये गेला आणि त्याच वर्षी कतारमधील विश्वचषकात अमेरिकेच्या चारही सामन्यांत त्याने गोलरक्षण केले.

मग महत्त्व का घटले?

मुख्य कारण क्लबांच्या स्वतःच्या अकादमी. २००८ पासून लागू झालेल्या ‘होमग्रोन’ नियमामुळे आपल्या अकादमीत घडलेल्या खेळाडूला क्लब ड्राफ्टविना थेट करारबद्ध करू शकतो. असा खेळाडू मधल्या काळात कॉलेजात गेला, तरी त्याच्यावरील हक्क क्लब राखून ठेवू शकतो. परिणामी उत्तम खेळाडू ड्राफ्टच्या यादीत येण्याआधीच वळते होतात. शिवाय युरोपात २२ वर्षांचा खेळाडू मुरलेला व्यावसायिक असतो. अमेरिकेत त्याच वयात तो पदवी घेऊन पहिली संधी शोधत असतो. हे अंतर कमी करण्यासाठी एमएलएसने आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ड्राफ्टचे दार उघडले आहे.

महिला लीगने काय केले?

नॅशनल विमेन्स सॉकर लीगने ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडू संघटनेशी नवा करार केला आणि ड्राफ्ट रद्द केला. असे करणारी ती अमेरिकेतील पहिली मोठी व्यावसायिक लीग ठरली. आता कॉलेजमधून बाहेर पडणारी खेळाडू स्वतः क्लबांशी बोलते. प्रशिक्षक, शहर आणि वेतन पाहून निर्णय घेते. खेळाडूच्या संमतीशिवाय तिची दुसऱ्या क्लबकडे अदलाबदलही करता येत नाही. यामागे जागतिक स्पर्धा होती. युरोपातील क्लब थेट करार देऊ करत असताना ‘आम्ही पाठवू त्या शहरात जा’ ही अट अमेरिकी लीगला परवडणारी नव्हती. श्रीमंत क्लबच सगळ्या चांगल्या खेळाडू पळवतील, ही भीती त्यावर व्यक्त होते. त्याला वेतनमर्यादा हे उत्तर दिले जाते.

पुढे काय?

एमएलएस २०२७ च्या जुलैपासून युरोपप्रमाणे उन्हाळ्यात हंगाम सुरू करणार आहे. कॉलेजचा हंगाम सध्या ऑगस्ट ते डिसेंबर असा असल्याने डिसेंबरमधील ड्राफ्ट तेव्हा ऐन हंगामात येईल आणि नव्या खेळाडूंना जोखणारे हंगामपूर्व शिबिर हाताशी नसेल. म्हणजे वेळापत्रकाचा तरी नव्याने विचार करावा लागणार. ड्राफ्ट गेला तर खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य मिळेल. पण अकादमीत वेळेत न पोहोचलेल्या, कॉलेजात उशिरा बहरलेल्या मुलाचे नाव क्लबांच्या नजरेस आणणारी एक ठरलेली वाटही बंद होईल. टर्नरसारख्यांना कोण शोधणार, याचे उत्तर मग क्लबांनाच द्यावे लागेल.