मोटारगाडीतील यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नियंत्रण : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

गाडीचा वेग वाढविण्यासाठी चालक उजव्या पायाखालील पेडल दाबतो, तेव्हा आपण इंजिनाला अधिक पेट्रोल देत आहोत अशी त्याची समजूत असते. ही समजूत पूर्णतः बरोबर नाही. पेट्रोल इंजिनात पेडल नियंत्रित करते ती हवा. एक भाग पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. किती हवा आत आली हे ठरले की इंधनाची मात्रा त्यावरून ठरते. ही हवा अडविणारी अथवा सोडणारी, आसाभोवती फिरणारी गोल चकतीसारखी झडप म्हणजे थ्रॉटल होय. पेडल व ही झडप यांना जोडण्याच्या दोन पद्धतींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण मुख्यतः इंधनाच्या मात्रेने होत असल्याने ते येथे वगळले आहे.

यांत्रिक पद्धती

यांत्रिक पद्धतीत पेडलपासून झडपेपर्यंत पोलादी तारांची पीळदार केबल आवरणातून नेलेली असते. सायकलच्या ब्रेकची वायर ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व येथे आहे. पेडल दाबले की केबल ओढली जाते व झडप उघडते. पाय उचलला की स्प्रिंग तिला मिटविते. गॅरेजमध्ये हिला ‘रेसची वायर’ म्हणतात. या रचनेचा मोठा गुण असा, की तिचा दोष डोळ्यांना दिसतो व हातांना कळतो. तारा एकेक करून तुटू लागतात, पेडल जड होते, आवरणात गंज धरतो. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या गाडीची ही वायर एकदा खंबाटकी घाटात तुटली, तेव्हा रस्त्याकडेच्या एका कारागिराने साध्या तारेचा तुकडा पिळून ती सांधून दिली आणि साताऱ्यापर्यंतचा प्रवास निर्विघ्न झाला. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत असा उपाय संभवत नाही.

तथापि यांत्रिक पद्धतीला भूमितीची एक मर्यादा आहे. बंद असताना झडप हवेच्या मार्गाशी काटकोनात आहे असे मानल्यास, ती फिरविल्यावर मोकळे होणारे क्षेत्र एकातून त्या कोनाची कोज्या वजा करून मिळते. म्हणजे झडप २० अंश फिरली तर मार्गाचा केवळ ६ टक्के भाग मोकळा होतो आणि ४५ अंशांना सुमारे २९ टक्के. परंतु इंजिन मंद फिरत असताना त्याला मुळात हवाच थोडी लागते. त्यामुळे मार्गाचा थोडासा भाग मोकळा होताच ते जवळजवळ पोटभर हवा घेते व पेडलचा उरलेला प्रवास वाया जातो. इंजिन वेगाने फिरत असताना मात्र तोच उरलेला प्रवास उपयोगी पडतो. केबलच्या टोकाशी असलेल्या चाकाला विशिष्ट आकार देऊन ही विषमता काहीशी सौम्य करता येते. परंतु तो आकार एकच असतो आणि इंजिनाचे वेग अनेक. शिवाय पाय उचलल्यावर इंजिन बंद पडू नये, वातानुकूलन यंत्राचा भार आल्यावर ते दबू नये, यासाठी इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत हवेची एक स्वतंत्र पळवाट व तिची वेगळी झडप ठेवावी लागते.

इलेक्ट्रॉनिक पद्धती

या पद्धतीत पेडल व झडप यांच्यामध्ये कोणताही धातूचा दुवा राहत नाही. पेडलखालील संवेदक, म्हणजे सेन्सर, पेडल किती दाबले हे व्होल्टेजच्या रूपाने इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला कळवितात. संगणक निर्णय घेतो आणि दंतचक्रे जोडलेली एक लहान विद्युत मोटर झडप फिरविते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या ७ मालिकेतील गाडीत ही रचना आली. आता ती सर्वसामान्य गाड्यांतही रूढ आहे. पुण्याजवळ चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलीलाही २०१७ पासून ती मिळाली.

पेडलवरील संवेदक दोन असतात. अनेक रचनांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट राहील अशी योजना असते. दोन्ही सारखे का ठेवीत नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही व्होल्टेज समान होतात. मुळातच ती समान असती तर हा दोष संगणकाला कधीच कळला नसता. प्रमाण बिघडल्याचे दिसताच संगणक शक्ती मर्यादित करतो. मोटरचा प्रवाह तुटला तर स्प्रिंगा झडपेला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवतात, जेणेकरून गाडी रखडत का होईना बाजूला घेता येते.

येथे पेडल ही आज्ञा न राहता विनंती ठरते. चाक घसरू लागल्यास चालकाचा पाय पेडलवर असूनही संगणक झडप मिटवू शकतो. गाडीचे स्थैर्य राखणाऱ्या प्रणालीला याची मोठी मदत होते. इंजिनाची मंद गतीही तोच सांभाळतो. याउलट ‘गाडी उशिरा प्रतिसाद देते’ ही नेहमीची तक्रारही यातूनच उद्भवते. प्रदूषणाचे निकष व धक्कारहित चाल यांसाठी निर्माते झडपेची हालचाल मुद्दाम सौम्य करतात. त्यावर उपाय म्हणून बाजारात मिळणाऱ्या डब्या पेडलचा संकेत केवळ वाढवून सांगतात. त्यांनी इंजिनाची शक्ती वाढत नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सँटी येथे भरधाव सुटलेल्या लेक्सस ईएस ३५० गाडीच्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला आणि टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर जगभर संशय व्यक्त झाला. त्या गाडीत मात्र दुसऱ्याच मॉडेलची रबरी चटई होती व तिच्यात पेडल अडकले होते. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेतील सुमारे २३ लाख गाड्या परत मागविल्या, त्याचे कारण अधिक उद्बोधक आहे. केबल गेल्यावर पेडल निर्जीव वाटू नये, पायाला सवयीचा प्रतिरोध जाणवावा, म्हणून पेडलमध्ये मुद्दाम घर्षण निर्माण करणारा भाग बसविलेला होता. झीज व दमटपणा यांमुळे तोच भाग चिकटू लागला. जुन्या यांत्रिक पद्धतीच्या अनुकरणातून हा दोष आला असे म्हणण्यास हरकत नाही.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटला नाही. अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या विनंतीवरून नासाने तपासणी केली. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार झडप धोकादायक प्रमाणात उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. काही पेडलमध्ये कथिलाचे केसासारखे तंतू वाढलेले सापडले. तथापि दोष सापडला नाही याचा अर्थ तो असूच शकत नाही असा नव्हे, हेही अहवालाने नोंदविले. २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने २००५ च्या कॅमरी गाडीच्या एका प्राणघातक अपघातासाठी टोयोटाला जबाबदार धरले. त्या खटल्यात सॉफ्टवेअरच्या रचनेवर तज्ज्ञांची साक्ष झाली होती. मार्च २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर्स भरण्याचे मान्य केले, ते मात्र चटई व चिकटणारे पेडल यांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल.

केबलच्या काळात असे संशय नव्हते असेही नाही. १९८० च्या दशकात ऑडी ५००० या केबलच्या गाडीवर हाच आरोप झाला. १९८९ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने चुकीचे पेडल दाबले जाणे हे मुख्य कारण मानले. काही गाड्यांत मंद गती सांभाळणाऱ्या यंत्रणेतील बिघाडामुळे गाडीला अनपेक्षित झटका बसून चालक गोंधळत असावा, असेही त्यात म्हटले आहे. फरक पुराव्याचा आहे. तुटलेली केबल न्यायालयात टेबलावर ठेवता येते. संगणकात क्षणभर झालेली चूक इंजिन बंद करताच मागमूस न ठेवता नाहीशी होऊ शकते.

झडप पूर्ण उघडी अडकली तर दोन्ही पद्धतींत एक धोका समान राहतो. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या हवामार्गातून मिळते, आणि झडप उघडी असताना ती निर्माण होत नाही. अशा वेळी ब्रेक पुनःपुन्हा दाबल्यास साठलेला निर्वात संपतो व पेडल दगडासारखे कठीण होते. म्हणून ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा व गियर न्यूट्रलमध्ये आणावा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसल्यास संगणकाने झडप मिटवावी अशी तरतूद करता येते, आणि २०१० नंतर अनेक निर्मात्यांनी ती केली. केबलच्या गाडीत पाय व झडप यांच्यामध्ये निर्णय घेणारे कोणीच नसते. तेथे न्यूट्रल करणे हे चालकाचेच काम राहते.