लॉकवरच्या नावाला भुलू नका!

जुनी अमेरिकन लाँगरायफल हाती आली की नवखा संग्राहक आधी लॉकवरचं नाव वाचतो. घोडा बसतो त्या पट्टीवर 'केटलंड' दिसलं की झालं, बनवणारा सापडला! बहुतेक वेळा साफ चूक. ही लॉकं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून यायची आणि पेनसिल्व्हेनियातले कारागीर ती विकत घेऊन बसवायचे. पुढे पुढे तर नळ्याही तयार मिळू लागल्या.

सही शोधायची ती अष्टकोनी नळीच्या वरच्या सपाट बाजूवर. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट तिथेच आपलं नाव घालायचा. पण कित्येक बंदुकांवर सहीच नसते, आणि खरी मजा तिथून सुरू होते.

मग दस्ता बघा. लीहाय खोऱ्यातल्या दस्त्याची कड कमानीसारखी वळते, लँकेस्टरची बरीचशी सरळ उतरते. बेडफर्डची बंदूक सडपातळ, तिचं लॉकही लांबट नि अरुंद. दस्त्यातल्या पॅचबॉक्सचं पितळी झाकण उघडण्याआधी त्याचं टोक नीट पाहा: डेझीचं फूल असेल तर आधी लँकेस्टरचा विचार करा. अर्थात शागीर्द उस्तादाचं वळण घेऊनच दुसऱ्या गावी जायचे, त्यामुळे घराणं कळलं तरी माणूस कळेलच असं नाही. तुलनेसाठी जो किंडिग यांचं १९६० चं पुस्तक आजही हाताशी हवं.

आणि कृपा करून नळी घासून चकचकीत करू नका. पुसट सही तिरक्या उजेडात वाचता येते. घासून गेलेली कुणालाच नाही.