शेवटच्या नळाला पिवळा रंग येतो का?



फाटकातून वर्गाकडे येताना डाव्या हाताला एक काळा फळा लागतो. त्यावर गावाचा नकाशा रंगवला आहे आणि नकाशात पाच ठिकाणी खडूने गोल काढलेले आहेत. काही गोल पिवळे असतात, काही पांढरे. बरेच पालक थांबून विचारतात, "हा काय खेळ मांडलाय?" म्हणून या अंकात त्याचीच माहिती लिही, असे गुरुजींनी मला सांगितले. मी पाणी गटात आहे. गटात सहावी-सातवीची नऊ मुले-मुली आहेत.

पिवळा गोल म्हणजे त्या नळाच्या पाण्यात त्या दिवशी औषध सापडले. पांढरा म्हणजे सापडले नाही. एवढंच. पण या 'एवढंच'मागे बरंच काही आहे.

आपल्या गावात विहिरीचे पाणी मोटारीने उंच टाकीत चढते आणि तिथून नळाने घरोघर येते. टाकीत रोज टी.सी.एल. पावडर टाकतात. तिलाच ब्लीचिंग पावडर म्हणतात. या पावडरीत क्लोरीन असतो. ताज्या, चांगल्या पावडरीत तो साधारण ३३ टक्के असतो. पाण्यात गेल्यावर क्लोरीन जुलाब, कावीळ, विषमज्वर, पटकी अशा रोगांच्या जंतूंना मारतो. जंतू मारता मारता आणि पाण्यातल्या घाणीशी झगडता झगडता तो स्वतःही खर्च होतो. म्हणून टाकीत किती टाकला यापेक्षा नळाला येईपर्यंत किती उरला, हे महत्त्वाचे. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० या मानकाप्रमाणे जंतुनाशक केलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. म्हणजे हजार लिटर पाण्यात फक्त ०.२ ग्रॅम! चिमटीत धरायलाही कमी. पण तेवढा नसला तर वाटेत पाइपात शिरलेल्या जंतूंना अडवायला कुणीच उरत नाही.

आता हे डोळ्यांना कसं दिसणार? पाणी तर दोन्हीकडे सारखंच स्वच्छ दिसतं. त्यासाठी ओ.टी. टेस्ट आहे. ती आम्हाला आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांनी शिकवली. एक छोटी काचेची नळी असते, तिच्यावर खूण असते. नळ सोडून थोडे पाणी वाहू द्यायचे, मग खुणेपर्यंत पाणी घ्यायचे. त्यात ऑर्थोटोलिडीन नावाच्या औषधाचे ठरलेले थेंब टाकायचे. क्लोरीन असला तर पाणी लगेच पिवळे होते. जितका जास्त क्लोरीन, तितका गडद पिवळा. शेजारी रंगांचे नमुने लावलेली पेटी असते, तिला क्लोरोस्कोप म्हणतात. नळीतला रंग कोणत्या नमुन्याशी जुळतो ते पाहून आकडा लिहायचा. रंग लगेच पाहावा लागतो. उशीर केला तर रंग वाढत जातो आणि आकडा खोटा येतो.

हे ऑर्थोटोलिडीन विषारी आहे बरं का! म्हणून थेंब गुरुजी किंवा सिस्टरच टाकतात, आम्ही बाटलीला हात लावत नाही. नळीतले पाणी पीत नाहीत, गुरांच्या हौदात टाकत नाहीत, विहिरीच्या आसपासही ओतत नाहीत. शाळेमागच्या खड्ड्यात टाकतो. डी.पी.डी. नावाच्या गोळीने गुलाबी रंग येतो, ती परीक्षा यापेक्षा बरी, असे सिस्टर म्हणतात. गोळ्या मिळाल्या की आम्ही तीच करणार आहोत. मग फळ्यावरचे गोलही गुलाबी करावे लागतील.

सुरुवातीला आम्ही मोबाइलवर नळीचा फोटो काढून रंग जुळवायला बघितला. गुरुजींच्या मोबाइलमध्ये तोच रंग उन्हात फिका आणि सावलीत गडद येऊ लागला. तेव्हा नळीच्या मागे पांढरा कागद धरून तीन जणांनी डोळ्यांनी पाहायचे आणि दोघांचे जुळेल ते लिहायचे, असे ठरले. मोबाइलचा उपयोग आता वेळ टिपायला आणि महिन्याचा तक्ता शाळेच्या संगणकावर चढवायला होतो. यंत्र जिथे चालते तिथे चालवावे, सगळीकडे घुसवू नये, असे माझे मत झाले आहे.

पाच नळ कोणते? पहिला टाकीखालचा, दुसरा शाळेचा, तिसरा चावडीजवळचा, चौथा मोरीपलीकडचा, आणि पाचवा अगदी टोकाचा, खालच्या वस्तीचा. पाण्याच्या वाटेवरचे हे पाच थांबेच म्हणा ना.

पहिल्याच आठवड्यात असे दिसले की पहिल्या तीन नळांना छान पिवळा रंग येतो, चौथ्याला अगदी फिका, आणि पाचव्याला काहीच नाही. वस्तीवरच्या आया म्हणाल्या, "पोरांनो, दर पावसाळ्यात आमच्याच लेकरांना जुलाब का होतात ते आता कळलं." त्या वर्षी वस्तीवरची आमच्या वर्गातली दोन मुले आजारी पडून शाळेत येत नव्हती. त्यामुळे ही काही नुसती प्रयोगवहीतली गोष्ट राहिली नाही.

गावात काही जण लगेच म्हणाले, "पाणीवाले काका पावडर टाकतच नसतील." हे बरोबर नव्हते, आणि आमच्याकडे त्याचा पुरावा होता. पावडर टाकली नसती तर टाकीखालच्या नळालाही रंग आला नसता. पाच नळ तपासण्याचा फायदा हाच. टाकीजवळच रंग फिका असेल तर दोष पावडरीत किंवा ती टाकण्याच्या पद्धतीत. टाकीजवळ गडद आणि पुढे एकदम नाहीसा होत असेल तर दोष वाटेत. आपल्याकडे तो चावडी आणि मोरीपलीकडचा नळ यांच्यामध्ये होता.

लंडन शहरात १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी असेच केले होते. कोणकोणत्या घरात माणसे दगावली ते त्यांनी नकाशावर मांडले. सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती खुणा दाटल्या होत्या. त्या काळी बहुतेक डॉक्टर वाईट हवेला दोष देत. स्नो यांनी पाण्याकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून घेतला गेला. साथ तोवर उतरणीला लागलीच होती म्हणतात, पण रोग कुठून येतो ते नकाशाने शोधता येते हे त्यातून जगाला समजले. फळ्यावर नकाशा काढायची कल्पना आम्हाला या गोष्टीवरूनच सुचली.

आम्ही वही घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही पाहिली, सरपंचताईंना दाखवली. मोरीजवळ खोदले तेव्हा पाइपाचा सांधा गटारातच निघाला, आणि त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली! पाणी चालू असताना सांध्यातून पाणी बाहेर गळते, तेव्हा फारसे बिघडत नाही. पण पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि गटारातले पाणी त्याच फटीतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सोडले की पहिला घोट वस्तीला तोच. सांधा बदलला, पाइप गटारातून वर उचलून घेतला. त्यानंतर चौथ्या नळाला रंग आला. पाचव्याला यायला आणखी काही दिवस लागले, कारण आतली साचलेली घाण निघून जावी लागली.

याच वेळी पाणीवाल्या काकांनी आम्हाला पावडरीची रीत दाखवली. ती घरातल्या मोठ्यांनीही जाणून घ्यावी अशी आहे. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम असा हिशेब धरतात. मग ५० हजार लिटरच्या टाकीला किती? त्रैराशिक मांडा : २५० ग्रॅम. पावडर कोरडी टाकीत फेकायची नाही, ती तळाला बसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची लापशी करायची, मग पाणी वाढवून ढवळायचे, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचे नाही, कारण जंतू मरायला वेळ लागतो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळावे, नाहीतर सगळा क्लोरीन मातीतच खर्च होतो. आणि पावडरीची पिशवी उघडी, ओलसर जागी, उन्हात ठेवली तर तिचा जोर उडून जातो. जोर निम्मा झाला तर २५० ग्रॅम टाकूनही काम १२५ ग्रॅमचेच होणार. हेही त्रैराशिकच.

एका पालकांनी सभेत विचारले होते की, पोरांनी अभ्यास करायचा की ग्रामपंचायतीची कामे? त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. उत्तर असे आहे की टक्केवारी, दशांश आणि आलेख आम्हाला या वहीनेच शिकवले. ०.२ आणि ०.०२ यांत काय फरक असतो हे वस्तीच्या नळापाशी उभे राहिल्यावर जे समजले, ते फळ्यावर नुसते टिंब बघून समजले नव्हते. शिवाय ही रीत आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ साली ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा महात्मा गांधींनी हाताच्या उपयोगी कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. तिलाच पुढे नई तालीम म्हणू लागले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात आले. तिथली मुले हाताने तंत्र शिकतात आणि शिकता शिकता गावाला लागणारी कामेही करून देतात. आमचा गट त्यामानाने लहानच, पाच नळांपुरता.

आता थोडे अवघड लिहायचे आहे. काही घरांत नळाला थेट मोटर लावतात. मोटर पाइपातले पाणी जोराने ओढते. त्याने शेवटच्या घरांना पाणी कमी पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जिथे जिथे सांधा ढिला आहे तिथून बाहेरची घाणही त्या ओढीने आत येते, हे फार जणांना माहीत नसते. आणि ती घाण मोटर लावणाऱ्याच्याच हंड्यात आधी जाते! आम्ही कुणाचे नाव फळ्यावर लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. फळ्यावर नळ असतात, माणसे नसतात. तरी एक-दोन घरी आम्हाला अंगणातून परत पाठवले गेले. त्यांना विनंती आहे की पाणी आधी खालच्या टाकीत साठवा आणि मोटर तिथे लावा.

"पाण्याला औषधाचा वास येतो" अशी तक्रार आई-आजी करतात. आमची आजीही करते. थोडा वास येणे म्हणजे औषध नळापर्यंत पोचले. पाणी भरून थोडा वेळ ठेवले की वास कमी होतो. मात्र रात्रभर माठात राहिलेल्या पाण्यात क्लोरीन फारसा उरत नाही. म्हणून माठ झाकावा, ओगराळ्याने पाणी काढावे, हात बुडवू नये. आणि म्हणूनच आम्ही परीक्षा माठाच्या पाण्याची करत नाही, नळाच्याच पाण्याची करतो.

एक घोटाळा होतो तोही सांगते. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग पिण्याच्या पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. त्यात हिरवे चांगले, पिवळे मध्यम धोक्याचे, लाल जास्त धोक्याचे. आमच्या फळ्यावरचा पिवळा त्यातला नव्हे. आमचा पिवळा चांगला!

सगळे सुटले असे मात्र नाही. वीज रात्री उशिरा येते तेव्हा टाकी पहाटे भरते. पाणी सोडायची वेळ झालेली असते, लोक हंडे घेऊन उभे असतात, आणि अर्धा तास थांबायला कुणी तयार नसते. त्या दिवशी टाकीखालच्या नळाला रंग येतो, पण जंतूंना मरायला वेळच मिळालेला नसतो. हे नळीत दिसत नाही. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही आता पावडर टाकल्याची वेळ आणि पाणी सोडल्याची वेळ अशा दोन वेळा लिहू लागलो आहोत. दोन्हींत अर्ध्या तासापेक्षा कमी अंतर असेल त्या दिवशी पाणी उकळून घ्यावे.

परीक्षा दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, पाणी सुटल्यावर असते. आम्ही टाकीपासून निघतो आणि शेवटी खालच्या वस्तीच्या नळापाशी पोचतो. ज्या पालकांना रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी कोणत्याही नळापाशी यावे. तिसरा डोळा आम्हाला नेहमीच कमी पडतो, कारण गटातले कोणी ना कोणी त्या दिवशी म्हशी घेऊन गेलेले असते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी, पाणी गट